‘नुसता मुरगळलाय’

“काही नाही हो मॅडम, नुसता मुरगळलाय.” गेली सव्वीस वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. बोलणारा लंगडत आत येतो. सुजलेल्या पायावर चपलेचा पट्टा चढत नाही म्हणून ती चप्पल हातात असते, आणि चेहऱ्यावर भाव असा, की एवढ्याशासाठी उगाच तुमचा वेळ घेतला. हात मोडला की घरात धावपळ उडते. घोटा मुरगळला की आंबेहळदीचा लेप, वर एक जुनं फडकं, चार दिवस पाय खाटेवर, आणि पाचव्या दिवशी माणूस पुन्हा शेतात, मैदानात किंवा लोकलच्या जिन्यावर. त्या ‘नुसता’शी माझं जुनं भांडण आहे, आणि हे पुस्तक त्या भांडणातूनच लिहिलं गेलं.

भांडण सुरू झालं तेव्हा मी आठवीत होते. शाळेच्या खो-खो संघात होते आणि खांबापाशी झटकन वळणं ही माझी खासियत होती. एका संध्याकाळी वळताना डावा पाय आतल्या बाजूला दुमडला आणि काहीतरी ‘कट्’ झालं. तो आवाज मला अजून आठवतो. घरच्यांनी शेजारच्या गावी, हाडं बसवणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्याने तेल लावून घोटा जोरजोरात चोळला, अंगठा धरून पाय ओढला आणि “शीर चढली होती, बसली” असं सांगून पाठवलं. रात्री पाय दुप्पट झाला. तीन आठवड्यांनी दुखणं पूर्ण थांबलं आणि मी मैदानावर परतले. त्या वर्षी तोच पाय आणखी दोनदा मुरगळला. पुढच्या वर्षी तर शाळेच्या सपाट अंगणातसुद्धा. दहावीच्या आधीच माझा खो-खो सुटला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याला जे येत होतं ते त्याने मनापासून केलं. पण दुखणं थांबल्यावर पुढे काय करायचं, हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. फिजिओथेरपी शिकायला गेल्यावर मला कळलं की उपचाराचा मोठा भाग तिथूनच सुरू होतो.

पुस्तकात पुढे आकृत्या भरपूर आहेत. पण आकृती बघण्याआधी तुमचा स्वतःचा पाय बघा. पायमोजे काढा, एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर बोटं ठेवा. आपण या उंचवट्यांनाच घोटा म्हणतो, पण खरं तर ती दोन वेगवेगळ्या हाडांची टोकं आहेत. आतला उंचवटा हे नडगीच्या जाड हाडाचं टोक. बाहेरचा उंचवटा तिच्या शेजारून खाली येणाऱ्या बारीक हाडाचा. नीट चाचपलंत तर बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला आणि थोडा मागे सरकलेला लागेल. म्हणजे बाहेरच्या बाजूने पावलाला हाडाचा आडोसा जास्त आहे, आतल्या बाजूने कमी. पाऊल आत दुमडणं सोपं आणि बाहेर दुमडणं अवघड, याचं एक कारण तुमच्या बोटांखालीच आहे.

सुतार चौकट जोडताना एका लाकडाला खाच पाडतो आणि दुसऱ्या लाकडाचं कुसू तिच्यात बसवतो. घोटा तसाच आहे. वरची दोन हाडं मिळून खाच होते आणि तिच्यात कुसू म्हणून बसतं टॅलस नावाचं हाड. अवघ्या शरीराचा भार नडगीतून याच्यावर येतो आणि इथून टाचेकडे आणि चवड्याकडे वाटला जातो. चालतानासुद्धा घोट्यावर वजनाच्या सुमारे पाचपट दाब येतो. एवढं काम करणाऱ्या या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही! त्याचा अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला आहे, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडीच उरते. हे हाड मानेशी मोडलं तर रक्तपुरवठा तुटून त्याचा भाग मरण्याची भीती असते. 1970 साली हॉकिन्स या शल्यविशारदाने या अस्थिभंगांचे प्रकार पाडले ते याच भीतीच्या चढत्या क्रमाने, आणि आजही ते वापरात आहेत.

टॅलसची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे निमुळतं आहे. उकिडवं बसलात की पाऊल वर दुमडतं, रुंद भाग खाचेत सरकतो आणि सांधा पाचरीसारखा घट्ट होतो. पावलाची बोटं खाली झुकली की निमुळता भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. आता पाय कधी मुरगळतो ते आठवा. जिन्याची शेवटची पायरी चुकते तेव्हा. किल्ला चढताना क्वचितच, पण उतरताना घसाऱ्यावर हमखास. व्हॉलीबॉलमध्ये उडी मारून दुसऱ्याच्या पायावर उतरताना. उंच टाचांच्या चपला घालून लग्नमंडपातल्या सतरंजीच्या कडेवर. प्रत्येक वेळी बोटं खाली झुकलेली असतात आणि घोटा सर्वांत सैल असतो.

त्या वेळी सांधा सावरतात ते अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे. आतल्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला एक दणकट पट्टा आहे. बाहेरच्या बाजूला तीन सुटे पट्टे आहेत, आणि त्यांतला पुढचा सर्वांत नाजूक. बाहेरच्या उंचवट्याच्या किंचित पुढे आणि खाली अंगठा दाबा. तिथे एक मऊ खळगा लागेल. तो पट्टा या खळग्यात आहे. माझ्याकडे मुरगळलेला पाय घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच जागी अंगठा टेकवला की “हां, इथंच!” म्हणतात.

घोट्याखालच्या पावलात 26 हाडं आहेत. दोन्ही पावलांची मिळून 52, म्हणजे शरीरातल्या 206 हाडांपैकी जवळपास पाव हिस्सा. त्यांची नावं पाठ करायचा आग्रह मी धरणार नाही. ती कमानीत बांधलेली आहेत एवढं ध्यानात ठेवा. आतल्या कडेची उंच कमान, बाहेरच्या कडेची बसकी आणि एक आडवी. आतल्या कमानीची गंमत बघायची असेल तर पाऊल जमिनीवर ठेवून फक्त पायाचा अंगठा हाताने वर उचला. कमान आपोआप उंचावेल. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यातून एक जाड पडदा गेलेला आहे. बोटं वर झाली की तो त्यांच्या मुळांभोवती गुंडाळला जातो, रहाटावर दोर गुंडाळावा तसा, आणि टाच व चवडा एकमेकांकडे ओढले जातात. हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी 1954 साली ही यंत्रणा समजावून सांगितली. सैल, जमिनीशी जुळवून घेणारं पाऊल प्रत्येक पावलागणिक क्षणभरात ताठ तरफ होतं आणि आपल्याला पुढे ढकलतं, ते या रहाटामुळे. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना ज्यांच्या टाचेत कळ येते, त्यांचं दुखणं बहुधा याच पडद्याच्या टाचेकडच्या टोकाला असतं. त्यावर वेगळं प्रकरण आहे.

या विद्येच्या इतिहासात आपल्या मातीशी जोडलेल्या दोन गोष्टी मला इथे सांगायच्याच आहेत. सुश्रुताने शरीरातली 107 मर्मं सांगितली. त्यांतली आठ अशी, की जिथे इजा झाली तर जीव जात नाही पण वेदना मात्र तीव्र होते. गुल्फ म्हणजे घोटा हे त्यांपैकी एक मर्म. पाय वेडावाकडा पडल्याने घोट्यात होणाऱ्या दुखण्याला त्याने ‘वातकंटक’ असं वेगळं नावही दिलं. म्हणजे ज्याला आपण ‘नुसता’ म्हणतो, त्याची दखल आपल्या सर्वांत जुन्या शल्यग्रंथांपैकी एकात स्वतंत्रपणे घेतलेली आहे.

दुसरी गोष्ट हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची. ‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’ हा ग्रंथ जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ओळखतात. 1858 च्या पहिल्या आवृत्तीतल्या आकृत्या या कार्टरनी काढलेल्या. ग्रंथ बाहेर पडला त्याच वर्षी ते भारतात आले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. जगाला पायाची हाडं रेखून दाखवणारा माणूस पुढची अनेक वर्षं इथल्या अनवाणी शेतकऱ्यांचे पाय तपासत राहिला. काटा रुतल्यावर जंतू आत शिरून पाऊल वर्षानुवर्षं सुजत जातं, त्याला भोकं पडतात आणि त्यातून दाणे झिरपतात. ‘मदुरा फूट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या रोगावर त्यांनी 1874 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. शरीररचना शिकवताना मी ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. कार्टरना पाऊल कागदावर रेखता येत होतं, पण ते कोणत्या मातीत चालतं हेही त्यांनी जाणून घेतलं.

आता दुखापतींकडे येऊ. मुरगळण्याचे डॉक्टर तीन दर्जे करतात: पट्टा ताणला, अर्धवट फाटला, पूर्ण तुटला. दर्जा ठरवणं तज्ज्ञाचं काम. मात्र जे ‘मुरगळणं’ नाहीच, ते ओळखायला घरातल्या प्रत्येकाला आलं पाहिजे. कॅनडातल्या ऑटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली यासाठी सोपे नियम मांडले. आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेला वरपर्यंत सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात, हाड दाबल्यावर दुखतंय का? पडल्यावर लगेच आणि नंतर डॉक्टरांसमोरही चार पावलं टाकता येत नाहीत का? यांपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर एक हाडाचं टोक हाताला लागतं, करंगळीकडे जाणाऱ्या हाडाचं. ते आणि आतल्या कडेला घोट्यापुढचं होडीच्या आकाराचं हाड, या दोन जागा दाबल्यावर दुखत असतील तरीही तेच. करंगळीच्या त्या हाडाचं मोडणं रॉबर्ट जोन्स या शल्यविशारदांनी 1902 साली वर्णन केलं, आणि त्यातला पहिला रुग्ण ते स्वतः होते. नाचताना त्यांचा पाय मोडला होता.

एक्स-रेत बारीकशी फट दिसली तर “एवढीशीच आहे” असं म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी एक आकडा सांगते. टॅलस आपल्या खाचेत बाहेरच्या बाजूला फक्त 1 मिलिमीटर सरकलं, तर हाडाला हाड टेकण्याची जागा सरासरी 42 टक्क्यांनी घटते. रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी 1976 साली हे मोजून दाखवलं. तोच भार निम्म्याहून थोड्याच जास्त जागेवर येऊ लागला की कूर्चा झिजते आणि चाळिशीतच सांधा साठीचा होतो. काही घोट्यांना शस्त्रक्रिया का लागते आणि शल्यविशारद त्या एका मिलिमीटरसाठी एवढे का झटतात, त्याचं उत्तर या आकड्यात आहे.

नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड यांना एकत्र धरणारा जोड फाटतो तेव्हा सूज फार दिसत नाही, दुखतं ते घोट्याच्या वर, आणि बरं व्हायला वेळ मात्र दुपटीने लागतो. टाचेमागची जाड शीर, म्हणजे अ‍ॅकिलिस टेंडन, तुटते तेव्हा बहुतेकांना मागून कोणी लाथ मारली असंच वाटतं. वळून बघावं तर मागे कोणी नसतं. चाळिशी ओलांडून अनेक वर्षांनी बॅडमिंटनच्या कोर्टवर उतरलेले किती तरी जण मला हे असंच सांगतात. रुग्णाला पालथं झोपवून, पाय पलंगाबाहेर ठेवून पोटरी दाबली की पाऊल हललं पाहिजे. नाही हललं तर शीर तुटलेली आहे आणि आठवडाभर वाट बघणं परवडणारं नाही. लहान मुलांच्या बाबतीतही सावध राहा. त्यांच्या हाडांची वाढ होण्याची जागा अस्थिबंधापेक्षा कमजोर असते, म्हणून बाहेरच्या उंचवट्याच्या हाडावरच दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते मुरगळणं समजू नये.

मधुमेहींबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे ‘नुसता मुरगळलाय’ हे वाक्य पाय घेऊन जातं. बरीच वर्षं साखर वाढलेली असली की पायाच्या नसा बधिर होतात. अशा माणसाचा पाय एके दिवशी लाल, गरम आणि सुजलेला दिसतो. दुखत मात्र फारसं नाही, म्हणून तो चालत राहतो. आत हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात, कमान ढासळत असते. शार्को या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात वर्णन केलेला हा विकार आज आपल्याकडे मुख्यतः मधुमेहात दिसतो. माझ्याकडे एक आजोबा आले होते. तीन आठवडे मुलगा रोज त्यांच्या पायाला बाम चोळत होता. मी दोन्ही पायांवर हात ठेवले आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा तव्यासारखा तापलेला लागला. त्यांना मी एक व्यायामही शिकवला नाही. त्याच दिवशी त्यांना शल्यविशारदांकडे पाठवलं, पायावर भार टाकायला बंदी झाली, आणि पाऊल वाचलं. घरात मधुमेही असेल तर रात्री त्यांच्या दोन्ही पावलांवर हात ठेवून बघायची सवय लावा.

उपचारांच्या बाबतीत शास्त्राने स्वतःची मतं बदलली आहेत, आणि ती बदलली हे मला आश्वासक वाटतं. विश्रांती, बर्फ, दाब-पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी 1978 साली रूढ केलं. 2014 साली त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणं लांबू शकतं. आज मी रुग्णांना सांगते ते असं: हाड मोडलेलं नाही याची खात्री झाली की पहिले दोन-तीन दिवस पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा, फार दुखलं तर थोडा वेळ बर्फ लावा. चोळू नका, ओढू नका, गरम शेक देऊ नका. आंबेहळदीचा लेप आजीच्या मायेने लावला तर लावू द्या, कातडी भाजली नाही म्हणजे झालं. मग सोसवेल तसं चालायला लागा. बहुतेक मुरगळलेल्या घोट्यांना प्लास्टरपेक्षा आधार देऊन केलेली हालचाल जास्त मानवते.

यापुढे जे येतं तेच मला आठवीत कोणी सांगितलं नव्हतं. अस्थिबंध नुसते दोर नाहीत. त्यांच्यात मज्जातंतूंची सूक्ष्म टोकं असतात. पाऊल किती कललंय याची खबर ती क्षणाक्षणाला वर पोचवतात आणि बाहेरच्या उंचवट्यामागून जाणारे स्नायू पाऊल सावरून धरतात. पट्टा फाटतो तेव्हा ही खबर देणारी टोकंही फाटतात. मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली लंडनमधून हे मांडलं, की घोटा वारंवार ‘जातो’ त्याचं कारण केवळ सैलपणा नसून ही हरवलेली जाण आहे, आणि डुगडुगत्या फळीवर तोल साधायचा सराव केला तर ती परत शिकवता येते. त्यांच्या सगळ्या तपशिलांवर पुढे वाद झाले, पण तोलाचा सराव मात्र टिकला. दुखणं तीन आठवड्यांत थांबतं. पट्टा भरून यायला महिने लागतात. आणि ही जाण शिकवल्याशिवाय परत येईलच असं नाही.

माझ्याकडच्या तपासणीत म्हणूनच एक गोष्ट चुकत नाही. दुखणं थांबलेल्या माणसाला मी आधी चांगल्या पायावर, मग दुखावलेल्या पायावर उभं करते आणि डोळे मिटायला सांगते. चांगला पाय बारीक थरथरत तोल धरून राहतो. दुसरा चार-पाच सेकंदांत हरतो, आणि माणूस दचकून भिंतीला हात लावतो. “पण मला तर काहीच दुखत नाही!” हे वाक्य मग हमखास येतं. त्या दिवशी उपचार खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि त्याला यंत्र लागत नाही. सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहा. जमायला लागलं की घडी घातलेल्या गोधडीवर. मग डोळे मिटून, पण भिंतीजवळ.

आपल्याकडे घोट्याकडून मागण्याही वेगळ्या असतात, म्हणून परदेशी पुस्तकांचा नुसता अनुवाद करून भागलं नसतं. उकिडवं बसून भाताची रोपं लावणारी बाई, मांडी घालून पंगतीत बसणारे आजोबा, देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालणारा भाविक, घुंगरांचं ओझं घोट्यावर बांधून नाचणारी लावणी कलावंत. 1968 च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाऊल घडवलं, ते नेमकं यासाठीच. बाहेरून येणारी पावलं बुटात घालायची होती. ती घालून उकिडवं बसता येत नव्हतं, चिखलात चालता येत नव्हतं. जयपूर फूटमध्ये ते जमू लागलं, आणि मुंबईच्या सुधा चंद्रन त्यावर उभ्या राहून पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. या पुस्तकात ‘बरा झाला’ याची कसोटीही मी तशीच ठेवली आहे. टाच न उचलता उकिडवं बसता येतं का, आणि त्याच पायावर उठता येतं का, हे पाहिल्याशिवाय मी कोणाला मैदानावर सोडत नाही.

ज्यांना रचनेत रस नाही त्यांनी सरळ सहावं प्रकरण उघडावं, आजच पाय मुरगळला असेल तर आधी पाचवं. शेवटी तोलाच्या व्यायामांचा बारा आठवड्यांचा तक्ता मोठ्या अक्षरांत छापला आहे. क्रीडाशिक्षकांनी त्याची झेरॉक्स काढून मैदानाजवळच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवावी. त्यासाठी माझी परवानगी विचारायची गरज नाही. तक्त्यात डाव्या आणि उजव्या पायासाठी वेगळे रकाने आहेत. रोज दोन्ही भरावेत, न दुखावलेल्या पायाचासुद्धा.